परतफेडीची विद्यावृत्ती : जे. एन. टाटा एंडोमेंटची वाटचाल

विद्यापीठात शिकणाऱ्या होतकरू विद्यार्थ्याला विद्यापीठाबाहेरून पैसा उभा करून देणाऱ्या संस्था आज देशात शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या संस्थांमध्ये मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची गणना होते. स्थापना १८९२ ची. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणे हे तिचे मूळ काम. लोकांच्या तोंडी ती ‘टाटा स्कॉलरशिप’ म्हणूनच राहिली. राज्यकर्ते बदलले, दोन महायुद्धे झाली, रुपयाची किंमत अनेकदा घसरली, तरी ही शिष्यवृत्ती चालू राहिली आणि पाच हजारांहून अधिक विद्यार्थी तिच्या आधाराने शिकून आले.

मुंबईच्या फोर्टातल्या या संस्थेची हकिकत जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावात सांगायची, तर सुरुवात कापसापासून करावी लागते. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आला तो त्याच्या काळ्या जमिनीसाठी आणि त्या जमिनीत पिकणाऱ्या कापसासाठी. भुसावळहून निघालेली लोहमार्गाची शाखा नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला असे टप्पे घेत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटाही सुरू झाला आणि खामगावची कापसाची पेठ थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. जळगाव तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. बुलडाण्यात तो आला १९०५ च्या फेररचनेत. पूर्णेच्या खोऱ्यातला माल असा बाहेर जात असताना, कापूस पिकतो तिथेच सूत का काढू नये, असा विचार ज्या व्यापाऱ्याच्या मनात आला, त्याचे नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

जमशेदजी ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत जन्मले आणि शिकले मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध थांबताच तो भाव कोसळला. त्या पडझडीत टाटांची पेढीही सापडली. विशीतले जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते. देणेकऱ्यांना सामोरे जाऊन व्यवहार मिटवण्याचे काम त्यांच्यावर आले. उधारीचे ओझे काय असते आणि शब्द पाळून ते उतरवल्याने पत कशी वाढते, याचा अनुभव त्यांना ऐन उमेदीत मिळाला. पुढे त्यांनी शिष्यवृत्तीला कर्जाचे रूप दिले, त्यामागे हा अनुभव असावा असे मानायला जागा आहे.

१८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. गिरणीसाठी नागपुरात जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा घेतली गेली. ती बुजवण्यात हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे म्हणून तिथल्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने ‘एम्प्रेस’ हा किताब धारण केल्याच्या दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. पहिली काही वर्षे ओढाताणीची गेली. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले बेझनजी दादाभाई मेहता व्यवस्थापक झाले. गिरणीच्या धंद्याचा त्यांना गंधही नव्हता, पण माणसे आणि हिशेब सांभाळण्यात ते पक्के होते. नव्या धाटणीची रिंग चाती भारतात आधी वापरून पाहणाऱ्यांत ही गिरणी होती. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघातभरपाईची तजवीज झाली. टाटांच्या पुढच्या सर्व उद्योगांचा आणि दानधर्माचा पाया या गिरणीच्या नफ्यावर उभा राहिला. एंडोमेंटच्या वाटचालीत विदर्भाचा वाटा असा मुळापासूनचा आहे.

त्या काळी परदेशी शिकायला जाणे म्हणजे काय दिव्य होते, हे आनंदीबाई जोशींच्या उदाहरणावरून कळते. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, त्या अंगावरचे दागिने, ओळखीपाळखीच्यांची मदत, परदेशातल्या एका सहृदय कुटुंबाचा आसरा आणि व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दिलेले २०० रुपये एवढ्या बळावर. रँग्लर र. पु. परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजला गेले ते हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर. पण अशा शिष्यवृत्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. सनदी नोकरीची आय.सी.एस. परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असे. ज्याच्या घरी पैसा नाही त्याची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी त्याला मुंबई बंदरापलीकडे जाता येत नव्हते.

ही अडचण ओळखून जमशेदजींनी १८९२ मध्ये एंडोमेंटची स्थापना केली. योजनेचे मर्म तिच्या कर्जरूपात होते. विद्यार्थ्याने पैसे घ्यायचे, शिकून यायचे, मिळवता झाल्यावर ते हप्त्यांनी परत करायचे. परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्यासाठी वापरायची. याने दोन गोष्टी साधल्या. घेणाऱ्याला आपण कुणाचे आश्रित आहोत असे वाटण्याचे कारण उरले नाही आणि निधी एकदा वाटून संपला असे झाले नाही. दानधर्माच्या रूढ कल्पनेत बसणारी ही व्यवस्था नव्हती. त्या काळचा दानशूर धर्मशाळा बांधे, पाणपोई घाली, अन्नछत्र चालवी. परतफेड मागणारे दान अनेकांना विचित्रच वाटले असणार. पण निवडक बुद्धिमंतांना वर येण्याची संधी दिली तर त्यांच्यामागून सारा देश वर येईल, अशी जमशेदजींची पक्की धारणा होती आणि त्यासाठी खैरातीपेक्षा पतपुरवठा त्यांना अधिक भरवशाचा वाटला.

पहिल्या दोन वर्षांत ही सवलत पारशी विद्यार्थ्यांपुरती होती. १८९४ पासून ती सर्व भारतीयांसाठी खुली झाली. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल, कारण त्यानंतर जात, धर्म, प्रांत यांचा निवडीशी संबंध उरला नाही. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. मुलींनी शाळेत जावे की नाही यावर महाराष्ट्रात वाद घातला जात होता, त्या काळात एका खासगी निधीने स्त्रियांना वैद्यकाच्या वरच्या शिक्षणासाठी परदेशी धाडावे, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. या सगळ्या उभारणीत जमशेदजींचे निकटचे सहकारी बरजोरजी पादशहा यांचा मोठा हात होता. स्वतः शिक्षक राहिलेल्या या माणसाने पुढे परदेशातली विद्यापीठे हिंडून पाहिली आणि जमशेदजींच्या दुसऱ्या, त्याहून मोठ्या स्वप्नाचा आराखडा तयार केला.

ते स्वप्न होते भारतातच संशोधनाचे विद्यापीठ उभारण्याचे. विद्यार्थी बाहेर पाठवले तरी परत आल्यावर त्यांनी काम कुठे करायचे, हा प्रश्न एंडोमेंटमधूनच निघालेला होता. १८९८ च्या अखेरीस योजनेचा मसुदा नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आला. मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी जमशेदजींनी त्यासाठी देऊ केल्या. सरकारने शंका काढल्या, समित्या नेमल्या. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांना बोलावून देशभर फिरवले. त्यात वर्षांमागून वर्षे गेली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेदजींचे निधन झाले तेव्हा योजना कागदावरच होती. दोराबजी आणि रतन या मुलांनी वडिलांचा शब्द सोडला नाही. म्हैसूर संस्थानने जमीन दिली आणि १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. एंडोमेंट मात्र या सगळ्या रखडपट्टीतही शांतपणे आपले विद्यार्थी निवडत होते.

१९२२ पर्यंत आय.सी.एस.ची परीक्षा भारतात होत नसल्याने त्या वर्षांत एंडोमेंटच्या मदतीचा ओघ साहजिकच तिकडे अधिक राहिला. १९२४ च्या सुमारास या सेवेत येणाऱ्या दर पाच भारतीयांमागे दोन जण टाटा स्कॉलर होते, असे संस्थेच्या परंपरेत अभिमानाने सांगितले जाते. सनदी नोकर घडवण्यात एवढी शक्ती खर्ची पडावी का, हा प्रश्न आज विचारता येतो. पण राज्यकारभाराच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणे हीच त्या काळी मोठी मजल होती, हेही विसरून चालणार नाही.

एंडोमेंटच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांची वाट त्या काळातही खडतरच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा गाठीला साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५ हजार रुपये होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख त्याच सुमारास विलायतेला गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून परतले. त्यांच्या शिक्षणापायी घरच्या शेतीवर कर्जाचा बोजा चढला होता. परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती बहुजनांच्या मुलांवर अशी वेळ येऊ नये म्हणूनच. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतली पहिली पदवीधर पिढी पुष्कळशी तिच्याच शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडली.

एंडोमेंटच्या शेजारी दरम्यान टाटा घराण्याचे आणखी निधी उभे राहिले. सर रतन टाटा यांनी नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा दिला होता; १९१८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी झाला. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला. रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कोणत्याही देशातल्या शास्त्रज्ञाला अर्ज करता येईल अशी त्यात तरतूद होती. भारतातून जगातल्या संशोधकांना पैसा जावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती. त्याच वर्षी दोराबजींनी आपली उरलेली संपत्तीही विश्वस्तांच्या हाती सोपवली आणि काही महिन्यांत तेही गेले. या सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांचे पत्र आले. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी भारतातच उत्तम दर्जाची संस्था हवी, अशी त्यात मागणी होती. विश्वस्तांनी ती मान्य केली आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. विद्यापीठाबाहेरच्या निधीने संशोधनाला चालना देण्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचित सापडेल.

महायुद्ध संपत आले होते. बंद पडलेला जलमार्ग मोकळा होताच एंडोमेंटचे विद्यार्थी पुन्हा निघाले. १९४५ साली गेलेल्यांत राजा रामण्णा होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९७४ च्या पोखरण चाचणीमागचे प्रमुख शास्त्रज्ञ ठरले. केरळमधल्या उळवूरच्या एका अतिशय गरीब दलित घरातला मुलगा त्याच सुमारास टाटांच्या मदतीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्कींकडे शिकायला गेला. के. आर. नारायणन हे त्याचे नाव; १९९७ मध्ये ते देशाचे राष्ट्रपती झाले.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद आली होती; १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम सुरू झाले आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. देशातल्या देशात संशोधन करणाऱ्यांना सरकारी पाठबळ मिळू लागले. परदेशी जाणाऱ्यांपुढे मात्र नवीच अडचण उभी राहिली, ती परकीय चलनाची. गाठीला रुपये असले तरी पौंड मिळायला परवानगी लागे. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि रुपयांत ठेवलेल्या निधीची परदेशातली ताकद एका दिवसात घटली. एंडोमेंटसारख्या संस्थेला हा फटका सोसणे सोपे नव्हते. पूर्ण खर्च उचलता येत नाही, तेव्हा विद्यापीठाने दिलेली फी-माफी आणि घरची थोडी जमवाजमव यांना जोड देण्यापुरती तरी मदत करायची, हा मार्ग अशा निधींसाठी त्यातून रूढ झाला.

याच काळातली दोन नावे महाराष्ट्राला जवळची आहेत. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसला वाढलेले जयंत नारळीकर १९५७ मध्ये टाटा शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले. रँग्लर झाले, फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे जगभर पोचले. तिथेच राहण्याची सर्व सोय असताना १९७२ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुकाची उभारणी त्यांच्या हातून झाली. एंडोमेंटच्या पैशाने गेलेल्या विद्यार्थ्याने दोराबजी ट्रस्टच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेत परतावे, हा योग जमशेदजींच्या मूळ हिशेबात चपखल बसणारा होता.

दुसरे नाव विदर्भाचे. जमशेद इराणी १९३६ साली नागपुरात जन्मले आणि तिथल्याच सायन्स कॉलेजात शिकले. १९५८ मध्ये नागपूर विद्यापीठाची भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. झाल्यावर टाटा स्कॉलर म्हणून ते शेफील्डला गेले. शेफील्ड हे पोलादाचे शहर. तिथे धातुशास्त्रात एम.मेट. आणि १९६३ मध्ये पीएच.डी. करून त्यांनी ब्रिटिश पोलाद संशोधन संस्थेत काही वर्षे काम केले. १९६८ मध्ये ते जमशेदपूरला आले. १९९२ पासून २००१ पर्यंत टाटा स्टीलची धुरा त्यांच्याकडे होती. आयातीवरचे निर्बंध उठल्यावर जुन्या भट्ट्यांचा तो कारखाना टिकेल का, अशी शंका होती. त्याचे आधुनिकीकरण करून इराणींनी तो जगातल्या कमी खर्चात पोलाद काढणाऱ्या कारखान्यांच्या पंगतीत बसवला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. कापसाच्या नफ्यातून निघालेली शिष्यवृत्ती नागपूरच्याच मुलाच्या वाट्याला यावी आणि त्याने टाटांच्या दुसऱ्या मोठ्या उद्योगाला तारावे, ही साखळी कुणी मुद्दाम जुळवलेली नव्हती. गुणांवर निवड करता करता ती जुळून आली.

देशात शिकणाऱ्यांनाही टाटांच्या इतर निधींचा हातभार होता. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले आणि मुंबईत आईच्या काबाडकष्टांवर वाढलेले रघुनाथ माशेलकर यांना सर दोराबजी टाटा ट्रस्टने दरमहा ६० रुपये दिले, सहा वर्षे. आपण शिकू शकलो ते त्या साठ रुपयांमुळे, हे डॉ. माशेलकर जाहीरपणे सांगत आले आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालकपद भूषवलेल्या माणसाच्या आयुष्यात ६० रुपयांचे मोल किती, ते रुपयांत मोजता येत नाही.

१९८६ मध्ये एम्प्रेस मिल टाटांच्या हातून गेली. महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली, पण तोटा आवरला नाही आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. हजारो गिरणी कामगारांच्या घरांवर त्याचे ओरखडे उमटले. ज्या गिरणीने निधीला जन्म दिला तिचा शेवट असा झाला. निधी मात्र तिच्यावर अवलंबून राहिला नव्हता. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भांडवल आज निरनिराळ्या विश्वस्त निधींकडे आहे आणि उद्योगांच्या नफ्याचा मोठा हिस्सा त्या वाटेने शिक्षण-आरोग्याकडे वळतो.

१९९१ च्या आर्थिक बदलांनंतर चलनाची टंचाई सरली. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आल्यावर तर परदेशी शिक्षणासाठी पैसा मिळवण्याचा आणखी एक रस्ता खुला झाला. मग एंडोमेंटची गरज उरली का? उत्तर निवडपद्धतीत आहे. बँक तारण पाहते. एंडोमेंटच्या मुलाखतीत त्या त्या विषयाचे जाणकार बसतात आणि विद्यार्थ्याला आपला विषय किती कळतो ते पाहतात. टाटा स्कॉलर ही ओळख त्यामुळे आजही रकमेपेक्षा मोठी आहे. अर्जदार पदवीधर किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असावा, गुणांची सरासरी किमान ६० टक्के असावी, अशी अट असते. साधारणतः डिसेंबरपासून अर्ज मागवले जातात, चाळणी परीक्षा होते, मग मुलाखत. कर्जावरचे व्याज नाममात्र असते. परदेशात उत्तम कामगिरी करणाऱ्याला कर्जाच्या काही भागाइतकी रक्कम बक्षीस म्हणूनही मिळू शकते.

विदर्भातल्या विद्यार्थ्यापुढे आता आणखीही दारे आहेत. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्वतंत्र झाले, २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून पीएच.डी.ची नोंदणी नागपूरला न जाता होऊ लागली. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आणि परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अशी मोठी मांडणी झाली आहे. केंद्राच्या पातळीवर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. सरकारी अधिछात्रवृत्तीची रक्कम वेळेवर न मिळाल्याने संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागल्याचे प्रसंगही याच काळातले आहेत.

माहिती तालुक्याच्या गावापर्यंत उशिरा पोचते, ही खंत अजून शिल्लक आहे. जळगाव जामोदचा विद्यार्थी नांदुऱ्याला गाडी धरून मुंबईत उतरेपर्यंत अर्जाची मुदत टळून जाण्याचे दिवस आता राहिले नाहीत. अर्ज घरबसल्या भरता येतो. भरायचा कोणता आणि केव्हा, हे मात्र महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनीच पहिल्या वर्षापासून सांगायला हवे. मुंबईत महात्मा गांधी रस्त्यावरच्या मुल्ला हाउसमधून एंडोमेंटचा कारभार चालतो. पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे हप्ते तिथे जमा होतात, नव्यांचे अर्ज तिथेच येतात, आणि दर वर्षी शंभराच्या घरात विद्यार्थी त्या निधीतून परदेशी विद्यापीठांची वाट धरतात.